नडगीतली पट्टी

मी एक जुनी पोलादी पट्टी आहे. मित्रांनो, माझ्या भोकांतून स्क्रू जातात आणि मी मोडलेलं हाड धरून ठेवते. काम इतकं सरळ. घोळ झाला तो कागदावर.

१९९८ साली वाटूरला जीपमधून उतरताना चतुराबाईंची नडगी मोडली. जालन्याच्या डॉक्टरांनी मला तिथे बसवलं. चतुराबाईंचा मुलगा रामकिसन सरकारी शाळेत मास्तर, म्हणून आईच्या इलाजाचा खर्च कचेरीतून मिळायचा. दवाखान्याने बिलात लिहिलं, 'नडगीचे ऑपरेशन, पूर्ण.' त्यात मी होते की नव्हते, हे मला आजही कळलेलं नाही.

हाड जुळलं. चतुराबाई शेतात जाऊ लागल्या, आल्यागेल्याला पाय दाखवून माझं कौतुक करू लागल्या. मी अगदी हुरळून गेले. पण वर्षभराने माझा एक स्क्रू सैल झाला आणि आतून कातडीला टोचू लागला. मीच त्यांना उभं केलं होतं आणि आता मीच चालू देईना. मला फार वाईट वाटायचं. डॉक्टर म्हणाले, पट्टी काढा, नाहीतर पाय चिघळेल.

रामकिसनने खर्चाची मंजुरी मागितली, तर कचेरीतले कारकून भुजंगराव बुचकळ्यात पडले.

"मास्तर, ऑपरेशन पूर्ण झालं असं बिलात हाय. मंग आता पुन्हा कशाचं?"

"भाऊसाहेब, तवा पट्टी बसवली. आता तीच काढायची हाय."

"काढायचा रकानाच न्हाई माझ्याकडं."

अर्ज परत आला. पुन्हा दिला, पुन्हा आला. इकडे नडगी लालभडक झाली. शेवटी चतुराबाई स्वतःच लंगडत कचेरीत गेल्या आणि पाय खुर्चीवर ठेवून म्हणाल्या, "हात लावून पाह्य बाबा. लाजू नको."

भुजंगरावांनी बिचकत बोट लावलं. कातडीखाली स्क्रूचं डोकं लागलं. मग बराच वेळ नियमांचं पुस्तक चाळून त्यांनी लिहिलं, 'शरीरातील परकी वस्तू काढणे.' मंजुरी मिळाली.

मी बाहेर आले ती चक्रावलेलीच. इतके दिवस त्यांचा भार पेलला, आणि मी परकी? सिस्टर मला कचऱ्यात टाकायला निघाल्या, तेव्हा चतुराबाईंनी पडल्यापडल्या हात पुढे केला.

"दे इकडं. माझी हाय ती."

मित्रांनो, कागदावर मला काहीही म्हणा. पण कुणी दुखतंय म्हणालं, तर रकाना शोधण्याआधी तिथे हात लावून बघा.