उत्तराची शिट्टी

झाडे पाडण्याच्या धंद्यात त्याला सगळे मोजपट्टी म्हणत. हे नाव धाकट्या भावाने ठेवलेले. चौदा महिन्यांपूर्वी भाऊ धंदा सोडून दुसऱ्या शहरात टॅक्सी चालवायला गेला. नाव मात्र मागे राहिले. "बसायला गादी, डोक्यावर छप्पर, आणि अंगावर काही पडत नाही," असे तो फोनवर म्हणे. या विधानात खोट काढण्यासारखे काही नव्हते, म्हणून मोजपट्टीने ती काढली नाही.

दोघा भावांचा बावीस वर्षांचा एक नियम होता. झाड ज्या बाजूला पाडायचे तिकडची खाच घेतली, की चेनसॉ बंद करायचा, कानांवरची टोपणे वर करायची आणि एक शिट्टी वाजवायची. दुसरा झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर उभा राहून पडण्याची जागा नजरेने झाडून घेई. मोकळी असेल तर उत्तरादाखल एक शिट्टी, नसेल तर दोन. उत्तर आल्याशिवाय मागचा, म्हणजे झाड पाडणारा, काप घ्यायचा नाही.

धाकटा गेला तेव्हा त्याची शिट्टी अवजारांच्या पेटीत, गोल कानशीशेजारी राहिली. मोजपट्टी एकटाच कामे घेऊ लागला. पहिल्या महिन्यात तो आधी सगळ्या जागेला फेरी मारी आणि मग शिट्टी वाजवी. त्यानंतरची शांतता मात्र त्याला सोसवेना. म्हणून त्याने धाकट्याची शिट्टी गळ्यात अडकवली आणि उत्तरही स्वतःच देऊ लागला. हळूहळू फेरी आखूड होत गेली. शिट्ट्या दोन्ही राहिल्या. तरुणपणी शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस असताना तो मुलांना बजावत असे, की ज्याने मोजले त्यानेच तपासले, तर ते एकदाच मोजले असे धरावे. हे वाक्य त्याला अजून तोंडपाठ होते.

त्या सकाळचे काम एका घराच्या मागच्या अंगणातले होते. निलगिरी, उंची अठरा मीटर, कल कुंपणाकडे. घरच्या बाई कामावर निघण्याच्या गडबडीत होत्या.

"एकटेच आलात?"

"चेनसॉ आहे ना सोबत."

"तो बोलतो का?"

"बोलतो. ऐकत मात्र नाही."

बाई हसल्या. "सासरे आत झोपलेत. त्यांना बाहेर येऊ नका म्हणून सांगून ठेवलंय. आमच्याकडे सांगितलेलं कोण ऐकतं म्हणा!" आणि त्या गेल्या.

मोजपट्टीने नेहमीसारखी सुरुवात केली. हवेची जाळी काढून झटकली. साखळी बोटाने ओढून पाहिली. ती ताणली गेली आणि सोडताच, जिच्यावर ती फिरते त्या लोखंडी पट्टीला चिकटली, म्हणजे ताण योग्य होता. साखळीचा ब्रेक ओढून, तो खरोखर लागतो याची खात्री केली. यंत्र जमिनीवर टेकवले, मागच्या मुठीत बूट रोवला आणि दोरी खेचली. माणूस एकटा असला तरी यंत्राची हेळसांड करत नव्हता. उलट, अलीकडे दिवसभरात ज्याच्याशी नीट वागावे असे त्याला दुसरे काही उरलेच नव्हते.

खाच झाली. यंत्र थांबले. त्याने उजव्या हाताने आपली शिट्टी वाजवली, चार सेकंद थांबला, डाव्या हाताने धाकट्याची वाजवली. उत्तर आले. त्याने मागचा काप सुरू केला.

काप पाच-सहा सेंटिमीटर आत गेला असेल, तेवढ्यात ठिणग्या उडाल्या. बुंध्याने कपडे वाळवायच्या दोरीचा जुना खिळा कधीकाळी गिळला होता. खिळा तुटून पडला, पण त्यानंतर लाकडाच्या जाड कपच्यांऐवजी पिठासारखा भुसा पडू लागला. साखळी बोथट झाली, की यंत्र लाकूड कापत नाही, घासते. मग माणूस जोर लावतो आणि घात होतो. त्याने यंत्र बंद केले, कापात पाचर ठोकली आणि कानशीसाठी पेटीकडे वळला.

त्या शांततेत कुणीतरी खोकले.

झाड जिथे पडणार होते, अगदी त्या रेषेत, कुंपणाजवळच्या पेरूच्या आडोशाला एक म्हातारे गृहस्थ वेताच्या खुर्चीत बसले होते.

"आजोबा! अहो, इथे कधीपासून बसलात?"

"काय?"

आजोबांनी खिशातून कानाचे मशीन काढले आणि सावकाश कानात बसवले. "हं, आता बोल."

"कधीपासून बसलात, म्हटलं."

"खुर्ची न्यायला आलो होतो. माझी खुर्ची तुझ्या झाडाखाली चेंगरली असती. उचलायला गेलो तर दम लागला, म्हणून बसलो."

"शिट्टी ऐकू आली नाही?"

"कशी येईल? तुझ्या यंत्राने डोकं उठवलं होतं, म्हणून मशीन काढलं होतं." आजोबांनी अंगणभर नजर फिरवली. "आणि बघायला कोण होतं तुझ्याकडे?"

"कुणी नव्हतं."

"मग शिट्टी कुणासाठी?"

मोजपट्टीने त्यांना हाताला धरून पायरीपर्यंत नेले. खुर्ची नंतर आणली. मग तो बुंध्यापाशी बसला, हातमोजे घातले आणि एकेक दात घासू लागला. प्रत्येकाला तीन हात, कानस फक्त पुढे ढकलायची, मागे ओढायची नाही. दातांच्या हिशेबात त्याची चूक झाली नाही. दुसरा हिशेब मात्र मनात आपोआप होत राहिला. साखळीला धार असती तर आणखी वीस सेकंद. म्हाताऱ्याचा जीव एका गंजलेल्या खिळ्याने वाचवला होता. मोजपट्टीच्या काळजीचा त्यात काडीचाही वाटा नव्हता. देवाने तारले असे म्हणणाऱ्यांतला तो नव्हता. त्यामुळे आभार मानायलाही त्याला कुणी सापडेना.

अर्धवट कापलेले झाड तसेच सोडून जाता येत नाही. दुसरा माणूस हवा होता, आत्ता, आणि आसपास होते ते फक्त हे आजोबा.

त्याने गळ्यातली धाकट्याची शिट्टी काढली, सदऱ्याला पुसली आणि आजोबांच्या हातात दिली. त्यांना घराच्या बाजूने, कुंपणाबाहेरच्या वाटेवर लांब उभे केले. तिथून अंगण आणि गल्ली दोन्ही दिसत.

"मी हात वर केला, की सगळीकडे बघायचं. मोकळं असेल तर एक शिट्टी. नसेल तर दोन."

"फुंकायला दात लागतात का?"

"नाही लागत."

"मग मी तुझ्यापेक्षा बरी वाजवीन."

मोजपट्टी बुंध्यापाशी परतला. मागे सटकायची वाट पायाने पुन्हा साफ केली, हात वर केला आणि थांबला.

चार सेकंद झाले. दहा झाले. त्याचा डावा हात सवयीने छातीकडे गेला. तिथे काही नव्हते.

मग शिट्टी आली. एक. आणि लगेच दुसरी.

गल्लीतून एक पोस्टमन सायकल ढकलत येत होता. आजोबांनी त्याला हाताने थोपवून धरले होते आणि ते त्याला मोठ्या आवाजात काहीतरी समजावत होते. मोजपट्टी हात खाली घेऊन तसाच उभा राहिला. चौदा महिन्यांत, साठ-सत्तर झाडांत, त्याला एकदाही दोन शिट्ट्या मिळाल्या नव्हत्या. इतक्या वेळा एकच उत्तर देणारे उपकरण प्रयोगशाळेत असते, तर त्याने ते पहिल्याच आठवड्यात बिघडले म्हणून बाजूला काढले असते.

त्याने पुन्हा हात वर केला. या वेळी एकच शिट्टी आली, लांब आणि थोडी फुसफुसती. झाड आखलेल्या रेषेवर पडले. वेताची खुर्ची जिथे होती, बरोबर तिथे.

निघताना आजोबांनी शिट्टी परत केली. "पुढच्या झाडाला कोण?"

"पुढचं झाड नाही," मोजपट्टी म्हणाला. "माणूस मिळेपर्यंत नाही."

दुपारी खोलीवर त्याने साखळी काढून डिझेलमध्ये बुडवली, पट्टीच्या खाचेतला भुसा खरवडला, आणि मग धाकट्याला संदेश लिहिला. खुशाली विचारली नाही. लिहिले: तुझी शिट्टी माझ्याकडे आहे. मी ती वाजवत होतो, ते चुकलं. येणार असलास तर ठेवतो. नाही तर सांग, दुसऱ्या कुणाला देतो.

संदेश पोचल्याची खूण आली. वाचल्याची आली नाही. धाकटा गाडी चालवत असेल, असे एक कारण त्याच्या मनात तयार झाले. पुरावा नसल्यामुळे त्याने ते बाजूला ठेवले.

त्याने फोन पालथा ठेवला, त्याच्या शेजारी दोन्ही शिट्ट्या ठेवल्या, आणि त्यांना हात न लावता समोर बसून राहिला.