तिसरा बांबू

“अर्ज तुमीच लिवला न, बाई?” चंपतराव फाटकाबाहेरूनच विचारत होते. धोतर गुडघ्यापर्यंत ओलं.

“हो. काऊन?”

“बांबूबी काढा म्हून लिवलं का त्यात?”

लिहिलं होतं. माझी लेक चारू दोन वर्षांची, गल्लीत तापाची साथ आणि तेलंगणातल्या वांकिडीजवळच्या आमच्या गावाचं तळं शेवाळानं हिरवंगार. रात्र रात्र तिच्या कपाळावर हात ठेवून मी बसायचे. शेवटी मंडल ऑफिसला तेलुगूत अर्ज केला : शेवाळ काढावं, कचरा काढावा, चिंध्या बांधलेले ते तीन कुजके बांबू काढावेत. पंचायतीनं पंधरा दिवसांत तळं लख्ख केलं. साहेबांनी फोटो काढले. बुडत्यासाठी दोन ट्यूबही दिल्या. त्या चोरीला जातील म्हणून पंचायतीत कुलपात.

चंपतराव तळ्यावरचे पंचायतीचे गडी, वीस वर्षांपासूनचे. उन्हाळ्यात वीटभट्टीवाले तळ्यातली माती नेत, तिथं खोल खड्डे राहत. पाणी चढलं की ते दिसत नसत. चंपतराव काठीनं चाचपून खड्ड्याच्या कडेला बांबू रोवत, वर लाल चिंधी बांधत. गावातल्या पोरासोरांना हे ठाऊक होतं. मास्तरांशी लग्न होऊन मंचेरियलहून आलेल्या मला नव्हतं.

“परवा पोळा हाये,” ते म्हणाले. “बैलं धुवाले सारं गाव उतरते.”

मी तेव्हाच बांबू परत रोवावेत असा दुसरा अर्ज लिहून सरपंच उत्तमरावांकडे गेले.

“ताई, तुमच्याच अर्जावर काढले न! फोटो वर गेले आता. पोळा होऊ द्या, मग पाहू.” चंपतरावांना तर त्यांनी आधीच बजावलं होतं, पुन्हा बांबू दिसला तर कामावर येऊ नको.

पोळ्याच्या सकाळी चारूला कडेवर घेऊन तळ्यावर गेले. चंपतराव गळाभर पाण्यात उभे होते, डोक्याला लाल फडकं. अलीकडे कमरेइतक्या पाण्यात त्यांची बायको बयनाबाई. तिच्याही डोक्यावर लाल.

“काय चंपतराव, तुमालेबी झूल घालाची का?” बैल घासता घासता कोणी ओरडलं.

“घाल ना बापू. पन इकडं नोको येऊ.”

बैल त्या दोघांना वळसा घालून जात होते. दोघंच. तिसरी जागा मोकळी होती आणि मारोतरावांची जोडी तिकडेच सरकत होती.

मी चारूला शेजारच्या कौशल्याबाईंच्या हाती दिलं. ती रडायला लागली. मला पोहता येत नाही, तरी पाण्यात उतरले.

“डावीकडं, बाई,” चंपतराव तिथूनच सांगू लागले. “आजूक दोन पावलं. बस. आता पाय उचलू नका.”

अंगठ्यापुढे जमीन संपली होती. माझा पदर लाल नव्हता, म्हणून हात वर धरून उभी राहिले.

“मास्तरीणबाई, तुमीबी?” मारोतरावांनी कासरा ओढून जोडी वळवली.

दुपारी शेवटचा बैल बाहेर पडला, तेव्हा चंपतरावांची बोटं पांढरी, सुरकुतलेली होती. माझ्या अर्जाबद्दल ते काहीतरी बोलतील असं मला वाटत होतं.

“लेकरू रडून राह्यलं, जा,” एवढंच म्हणाले.

बांबूंची मंजुरी दिवाळीनंतर आली. चंपतराव त्याच्या आठ दिवस आधी तापानं गेले होते.

पहिली जागा बयनाबाईनं दाखवली, दुसरी मी. तिसरी त्यांची. ती आत होती, तिथं आम्हा दोघींचे पाय पोचत नव्हते.

“अंदाजानं रोवून टाकू,” उत्तमराव म्हणाले.

“अंदाजानं नोको,” बयनाबाई म्हणाली. “लेकरं त्या चिंधीवर भरोसा ठेवतेत.”

तिनं तिसऱ्या बांबूची लाल चिंधी सोडली, घडी करून कमरेला खोचली आणि बांबू काठावर आडवा ठेवला, टोक पाण्याकडे करून.