उलट्या कानखुणा

मेंढरं डोंगरावरून खाली यायच्या दिवशी उत्तर आइसलँडच्या त्या खोऱ्यात कुणी घरी थांबत नाही. पाळण्यातलं पोर असो की काठी टेकणारा म्हातारा, सगळ्यांना गाडीत घालून दगडी मेंढवाड्यापाशी आणतात. सप्टेंबरचा तिसरा आठवडा होता. खुरटी बर्चची झुडपं पिवळीधमक झाली होती आणि वरच्या कड्यांवर पहिलं बर्फ भुरभुरलं होतं. भिंतीच्या आडोशाला मटणाचा रस्सा उकळत होता, पुरुषांच्या खिशातून बाटल्या डोकावत होत्या. सकाळी दहालाच कुणीतरी गाणं सुरू केलं आणि चार जण आपापल्या पट्टीत त्यात घुसले. स्वावाला एरवी हा दिवस नाताळाहून लाडका. या वर्षी मात्र पहाटेपासून तिला मेंढवाड्याकडे जाऊच नये असं वाटत होतं.

कारणही तसंच होतं. तिची बासष्ट कोकरं डोंगरावरून येत होती आणि एकूण एक कोकराच्या कानावर शेजाऱ्याची खूण होती.

त्या काळी मेंढरांच्या कानांत रंगीत बिल्ले नव्हते. कोकरू जन्मलं की आठवड्याभरात त्याचे कान कातरायचे, ज्याची खूण त्याचं मेंढरू. स्वावाच्या घराची खूण म्हणजे उजव्या कानाचा शेंडा छाटलेला आणि डाव्याला मागून खाच. शेजारच्या कोल्बेनची नेमकी उलटी, शेंडा डावीकडे आणि खाच उजवीकडे. दोन्ही घरांचे आजे सख्खे भाऊ. वेगळे झाले तेव्हा त्यांनी कळप वाटला आणि खूणही अशी आरशात धरल्यासारखी वाटून घेतली. शहाणपणाचं काम नव्हतं, पण भाऊ वेगळे होताना शहाणपण करतात कुठे.

हे कातरायचं काम तिचा नवरा ग्रीमुर करायचा. फेब्रुवारीत तो गेला आणि मे महिन्यात कात्री स्वावाच्या हातात आली. ग्रीमुर कोकराची पाठ आपल्या पोटाशी धरायचा. स्वावानं तीन लेकरं वाढवलेली, तिनं कोकरूही तसंच धरलं, तोंड आपल्याकडे करून. चेहरे बघत, दोन शब्द बोलत तिनं त्रेसष्ट कोकरांचे कान कातरले आणि उजवं ते डावं झालं. हे तिला कळलं ते जुलैत, पाय दुखावल्यानं मागे ठेवलेली एक मेंढी आणि तिचं कोकरू शेजारीशेजारी चरताना पाहिलं तेव्हा. बाकी सगळी तोवर डोंगरावर पांगली होती. कान पुन्हा कातरायची तर सोयच नव्हती. दुसऱ्याची खूण कापून टाकणाऱ्याला या खोऱ्यात चोर म्हणतात, आणि चोराला कॉफीसुद्धा कुणी विचारत नाही.

मग सरळ कोल्बेनकडे जाऊन सांगायचं ना? तिथंच घोडं अडलं होतं. अकरा वर्षं दोन्ही घरांत बोलणं नव्हतं. पाण्याच्या चरावरून भांडण झालं, इतकंच ग्रीमुरनं तिला सांगितलं होतं. त्यात दीर इंग्वार. शहरात दुकान सांभाळायचा, पण अर्धी जमीन त्याच्या नावावर. वहिनीला एकटीला झेपणार नाही, विकून मोकळे होऊ, असं तो मर्तिकाच्या जेवणापासून म्हणत होता. शेवटी या शरद ऋतूपर्यंतची मुदत तिला दिली होती त्यानं. कळप नीट घरी आला तर तो विकण्याचं नाव काढणार नव्हता. आता तो चकचकीत बूट घालून मेंढवाड्याच्या भिंतीवर बसला होता आणि रस्सा भुरकत होता.

अकराच्या सुमाराला कळप उतरला. पुढे घोड्यावर कोल्बेन. डोंगरावर मेंढरं शोधायला गेलेल्यांचा तो म्होरक्या, त्याला सगळे डोंगराचा राजा म्हणत. सहा दिवसांची दाढी, पाठीमागे पाच हजार मेंढरांचा गलका. मेंढरं मधल्या मोठ्या रिंगणात शिरली आणि माणसं त्यांच्यात. रिंगणाभोवती प्रत्येक घराचं वेगळं वाडगं, दगडी भिंतींचा छोटा कप्पा. शिंगांना धरायचं, कान पाहायचा, मेंढरू दोन पायांत घालून आपल्या वाडग्याकडे चालवत न्यायचं. पोरं खिदळत होती, आपटत होती, शेणानं माखत होती.

स्वावाला आपल्या मेंढ्या भराभर सापडल्या. पण मेंढीमागे येणारं कोकरू तिनं धरलं की कुणीतरी कानाकडे बोट दाखवायचं. एकदा तर कोल्बेनच्या नातीनंच हसत हसत कोकरू तिच्या हातातून काढून घेतलं. मावशी, हे आमचं, तुमचे डोळे तपासून घ्या, म्हणाली. स्वावाही कसनुशी हसली. दुपारपर्यंत तिच्या वाडग्यात नुसत्या मेंढ्या ओरडत होत्या आणि कोल्बेनच्या वाडग्यात पाय ठेवायला जागा नव्हती.

"वहिनी," इंग्वार भिंतीवरून म्हणाला, "तुझ्या वाडग्यात एकपण कोकरू दिसत नाही. सगळी डोंगरानं खाल्ली की काय?"

थोड्या वेळानं दिसतील, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण थोड्या वेळानं तरी कुठून दिसणार होती? गप्प राहिलं तर कोकरं जातील, बोललं तर अब्रू जाईल. तिनं मनाशी हिशेब केला, अब्रूवर हिवाळा निघत नाही. हात स्कर्टला पुसून ती रिंगणातून आडवी चालत गेली. कोल्बेन फाटकाला टेकून नाकात तपकीर भरत होता. गाणारे जवळच होते, ते गाता गाता थांबले.

"कोल्बेन, तुमच्या वाडग्यात माझी बासष्ट कोकरं आहेत," ती म्हणाली. आवाज तिनं लहान केला नाही. "मी ती तोंड माझ्याकडे धरून कातरली. खूण तुमची आहे. चूक माझी आहे."

कोणीतरी फिसकन हसलं. कोल्बेननं सावकाश तपकीर ओढली, रुमाल काढला, नाक पुसलं. एवढा वेळ कुणी नाक पुसतं का, असं वाटून स्वावाला रडायला येऊ लागलं.

"मला मंगळवारीच कळलं," तो म्हणाला. "वरच्या तळ्यापाशी. माझी खूण घेतलेली कोकरं तुझ्या मेंढ्यांना लुचत होती. माझ्या मेंढ्या वाईट चालीच्या असतील, पण पोरं दुसरीच्या अंगावर टाकण्याइतक्या नाहीत."

आता सगळेच हसले. कोल्बेन हसला नाही.

"मग बोलला का नाहीत?"

"तू येतेस का ते बघत होतो. माझ्यावर हीच वेळ आली होती तेव्हा मी आलो होतो." त्यानं उजवा हात वर केला. "अकरा वर्षांमागं हा मोडला होता. डाव्या हातानं कातरायला बसलो. सहा कोकरं उलटी झाल्यावर माझ्या ध्यानात आलं. इथंच उभा राहून ग्रीमुरला सांगितलं मी. तो म्हणाला, खूण ती खूण. सहाही घेऊन गेला."

त्या शरदात स्वावा न्यूमोनियानं अंथरुणाला खिळली होती. आणि पाण्याचा चर? तिनं आजूबाजूला पाहिलं तर बायका आपापल्या बुटांकडे बघत होत्या. म्हणजे खोऱ्यात सगळ्यांना माहीत होतं, फक्त तिलाच नव्हतं. ग्रीमुरचा तिला असा राग आला की तो समोर असता तर तिनं त्याला त्याच चरात लोटला असता.

"मी होतो तेव्हा इथं," भिंतीवरून इंग्वार हळूच म्हणाला. त्याचा रस्सा हातातच निवला होता. "बोलायला हवं होतं. भावापुढं बोललो नाही."

कोल्बेननं त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्यानं आवाज चढवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की या वाडग्यातली जी कोकरं स्वावाच्या मेंढ्यांमागे जातील ती तिची, कानावर काहीही असो, आणि पुढं कुणी त्यावरून चकार शब्द काढायचा नाही. मग नातीला म्हणाला, फाटक उघड, तिच्या मेंढ्या आत घे.

मेंढ्या आत शिरल्या आणि असा कालवा झाला की गाणाऱ्यांनी हार मानली. प्रत्येक मेंढी ओरडत फिरत होती, शेपट्यांखाली हुंगत होती, परक्या कोकराला टक्कर देऊन बाजूला सारत होती. आणि एकेक कोकरू गुडघे टेकून आईच्या पोटाखाली घुसत होतं, चांगलं थोराड झालेलं असूनसुद्धा. जोडी जमली की बाहेर काढायची. तेवढ्यात कुणीतरी धप्पकन आत उडी मारली. इंग्वार होता. बूट घोट्यापर्यंत शेणात रुतले, एका मेंढीनं त्याला आडवा पाडला, तरी तो कोकराला मिठी मारून उठला. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

उन्हं कलली तेव्हा बासष्टावं कोकरू बाहेर आलं. स्वावाचा जीव भांड्यात पडला. ती भिंतीच्या दगडावर जाऊन बसली. कुणीतरी रश्शाचा कटोरा हातात दिला, तो तिनं हावरटासारखा संपवला आणि दुसरा मागितला. इंग्वार शेजारी येऊन बसला. त्याच्या अंगाला मेंढरांचा वास येत होता.

"जमीन विकायचं मी काढणार नाही आता," तो म्हणाला. "आणि मे महिन्यात आठ दिवस रजा टाकीन. कोकरं धरायला कुणीतरी लागेल तुला."

स्वावानं मान हलवली. मग उठून कोल्बेनपाशी गेली आणि म्हणाली, यातली सहा निवडून घ्या. तो नको-बिको म्हणेल, असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. कोल्बेननं कळपावरून पारखी नजर फिरवली.

"पाच घेतो," तो म्हणाला. "एखादं एवढ्या वर्षांत मेलंच असतं."

त्यानं पाच धरली, आणि चांगली धष्टपुष्ट धरली. कान बघायची त्याला गरजच नव्हती, खूण आधीच त्याची होती. स्वावाला इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. पुसायची तिला काही घाई नव्हती.

दोन्ही घरांची वाट एकच. अकरा वर्षं ग्रीमुर कोल्बेनचा कळप दिसेनासा होईपर्यंत मेंढवाड्यात थांबायचा आणि मग निघायचा. आज स्वावानं फाटक उघडलं तेव्हा कोल्बेनची मेंढरं समोरच्या पुलावर चढत होती, आणि म्हातारा घोडा थांबवून मागे वळून बघत होता.

"थोडं थांबूया का?" इंग्वारनं विचारलं. "दोन्ही कळप मिसळतील."

"मिसळू देत," स्वावा म्हणाली आणि मेंढ्यांना पुढे हाकलं.