फिल्फिलच्या पोटातली करणी

तिसऱ्या मजल्यावरचा जिना माणसांनी गच्च भरला होता. खालचे वर आले होते, वरचे खाली उतरले होते, आणि ज्यांना काहीच दिसत नव्हतं ते पुढच्याला विचारून विचारून भंडावत होते. मधोमध, इन्शिराहबाईंच्या दारात, बरहूमबाबा मांडी घालून बसला होता. समोर पितळी वाडगा, मांडीवर बाईंचा फिल्फिल नावाचा लांब केसांचा काळा बोका, आणि धूप एवढा की बोक्याआधी माणसंच खोकायला लागली होती.

अलेक्झांड्रियाच्या बंदरालगतच्या त्या इमारतीत बाईंची पाच मांजरं सगळ्यांच्या ओळखीची. बाई शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, मांजरं हाच संसार. आणि त्या पाचांतली चार कितीतरी दिवस ओकत होती, हगवणीनं गळून गेली होती.

"ह्याच्या पोटात गाठ आहे," बरहूम डोळे मिटून म्हणाला. "मला दिसतेय. सात समुद्रांच्या तळाशी असती तरी दिसली असती."

सात समुद्रांच्या तळाचं पाहणारा हा गृहस्थ येताना मजला चुकून थेट गच्चीवर गेला होता, पण ते आता कोणाला आठवत नव्हतं.

फिल्फिलनं मान ताणली, पोट आत ओढलं आणि एक ओला लोळा ओकला. बरहूमनं तो चिमट्यानं उचलून वाडग्यातल्या पाण्यात खळबळला. काळ्या गुंत्यातून एक लांबलचक, मेंदीनं तांबूस झालेला माणसाचा केस बाहेर आला.

केसाला गाठ मारून करणी करतात, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि तेवढे लांब, मेंदीचे केस इमारतीत एकीचेच, बाईंच्या समोरच्या दारातल्या नगातचे. बायकांना ते माहीत होतं, कारण मेंदी लावायला सगळ्या एकत्रच बसत.

"नाव मी घेत नाही," बरहूम म्हणाला. "ते माझ्या गुरूंना चालत नाही. पण दाराला दार आहे एवढं सांगतो. आणि तुमचं पाचवं मांजर बरं कसं राहिलं, हे ज्याचं त्यानं ओळखावं."

पाचवी फुल्ला. ती अर्धा वेळ नगातकडेच असायची. बाईंचं डोकं फिरलं. नगात मागे पायरीवर उभी होती; बाई सगळ्यांदेखत तिला म्हणाल्या, "नगात, माझ्या लेकरांनी तुझं काय वाकडं केलं होतं गं?"

"बाई, मी तर त्यांना काटे काढून मासा घालते," नगात म्हणाली. कोणी ऐकून घेतलं नाही. बरहूम मोबदल्याची दोन बदकं दोन्ही काखांत धरून निघून गेला. त्या दिवसापासून नगातच्या सलामाला कोणी उत्तर देईना, आणि मालकानं तिला खोली सोडायला सांगितलं.

तीन मांजरं सुधारली. बाबाचा गुण आला, असं जो तो म्हणू लागला. फिल्फिल मात्र उठेना. बाईंनी त्याला शालीत गुंडाळून डॉक्टर नेर्मीनकडे नेलं. ती जनावरांची डॉक्टर, आणि बाईंची जुनी विद्यार्थिनी.

नेर्मीननं विचारलं, ओकतं कोण, हगवण कोणाला, कधीपासून? बाईंना सांगता येईना. पाच मांजरं, ताट एक, रेतीचं घमेलं एक.

"बाई, पाच मुलांनी एकाच पाटीवर उत्तर लिहिलं, तर तुम्ही नापास कोणाला केलं असतं?"

बाई ओशाळल्या. नेर्मीननं फिल्फिलला सलाइन लावलं आणि घरी गेल्यावर प्रत्येक मांजराला वेगळी खोली, वेगळी ताटली, वेगळं घमेलं द्यायला सांगितलं. कोण काय खातं आणि काय टाकतं, ते रोज बघायचं. मग आजारपणाआधी काय खाऊ घातलं होतं, ते विचारलं.

बाई आठवू लागल्या. वसंताच्या सणाला घरोघर खातात तसा त्यांनीही फसीख आणला होता, मिठात महिनोन् महिने मुरवलेला मासा. सणाच्या दिवशी लेकरांना कोरडं कसं ठेवायचं, म्हणून डोकी आणि पोटातला सगळा भाग त्यांना वाढला होता.

"एवढं मीठ? मांजरांना?" नेर्मीनचा हात थांबला. "आणि फुल्लाला?"

"फुल्ला त्या दिवशी नगातकडे होती," बाई म्हणाल्या.

तरी त्यांनी केसाचं विचारलंच. बरहूमनं आधी काय दिलं होतं, असं नेर्मीननं विचारलं. मंतरलेलं तेल, रात्रभर उपाशी ठेवून सकाळी पाजायचं.

"बिघडलेल्या पोटात तेल ओतलं की असेल नसेल ते बाहेर येणारच. मांजर अंग चाटतं, ते केस पोटात साठतात. जिच्या मांडीवर बसतं तिचेही साठतात. त्याला काही आणावंच लागलं नाही, बाई. कोणाचा केस निघतो ते बघायचं आणि तिच्याकडे बोट दाखवायचं. इमारतीत कोणाचे केस कसे, हे त्यानं आधी कोणाकडून तरी काढून घेतलं असेल."

घेतलं होतं. बाईंनीच चहा ओतता ओतता सांगितलं होतं. नगात गच्चीवर केस विंचरत असली की फिल्फिल तिची वेणी चाटत बसतो, हेही कौतुकानं सांगितलं होतं.

दोन दिवसांनी स्वयंपाकघरात एकट्या ठेवलेल्या सुक्कर नावाच्या मांजरानं तसाच लोळा ओकला, तेल न पाजता. बाईंनी तो नळाखाली धुतला. आत एक पांढरा केस होता, त्यांचा स्वतःचा.

मग त्यांनी दारोदार जाऊन सगळ्यांना जिन्यात बोलावलं. नगातच्या दारात बांधलेली गाठोडी होती.

"हा केस माझा आहे," बाई म्हणाल्या. आवाज त्यांनी वर्गात लावायच्या तसा लावला. "बरहूमच्या हिशेबानं करणी मीच केली. आणि खरंही तेच आहे. खारवलेला मासा मी वाढला. पोरी चुकल्या की मी आयुष्यभर सांगितलं, पायऱ्या तपासा. आणि इथे एकही पायरी न तपासता मी एका बाईला गुन्हेगार ठरवलं. मांजर आजारी पडलं तर त्याची ताटली बघा, डॉक्टरला विचारा. शेजारणीच्या डोक्याकडे बघू नका."

कोणी मान खाली घातली, कोणी बरहूमला शिव्या दिल्या. मालक पुटपुटला की तिनं खुशाल राहावं. बाई माफी मागायला नगातपुढे गेल्या.

नगातनं गाठोडं उचललं. भाऊ खाली गाडी घेऊन आला होता.

"त्या दिवशी मी इथेच उभी होते, बाई," ती म्हणाली. "मला खरं-खोटं विचारायला जिनासुद्धा उतरावा लागला नसता."