अंगठ्यावरचा हिरवा

पेडण्याच्या बाजारात माझं रंगाचं दुकान आहे, आणि दुकानात एक शेडवही आहे. तालुक्यातल्या कुठल्या घराला कुठला रंग गेला, कुठल्या डब्यातले किती थेंब कुठल्या डब्यात पडले, हे सगळं त्या वहीत नावानिशी लिहिलेलं आहे. चवथीच्या आधी भिंतीचा एखादा कोपरा पोपडे धरतो, तेव्हा माणूस कागदाच्या पुडीत रंगाची खपली घेऊन येतो आणि म्हणतो, "असोच दी." खपली बघायच्या आधी मी विचारतो, "उन्हातली की सावलीतली?" कारण दहातले नऊजण हाताला येईल ती, उन्हात विटलेली खपली सोलून आणतात, आणि मग नवा रंग भिंतीवर ठिगळासारखा दिसला की बोल मला लावतात. दहावा माणूस आपल्या हातून चूक होते हेच मानत नाही. हा दहावा म्हणजे चोपडे गावचा गोकुळदास.

गोकुळदासने मुरगाव बंदरात एकतीस वर्षं बोटींवर चढणाऱ्या मालाची मोजदाद केली. निवृत्त झाल्यावर मोजायला बोटी उरल्या नाहीत, म्हणून तो आता घरातल्या बशा मोजतो, असं त्याची बायको कमलाक्षी सांगते. नदीकाठच्या त्याच्या घरातली मागची खोली गेली सात वर्षं दर हिवाळ्यात वादिम नावाचा रशियन माणूस घेतो. मागच्या वर्षी जाताना वादिमने गोकुळदासला रणगाड्याचा एक प्लास्टिकचा संच दिला. सुटे तुकडे जोडायचे, रंगवायचे, वीतभर रणगाडा तयार. पेटीवर तीनशे आठ तुकडे लिहिले होते. गोकुळदासने मोजले तर तीनशे नऊ भरले. रशियनांना मोजता येत नाही, हे त्याने मला त्या पावसाळ्यात तीनदा सांगितलं.

यंदा वादिमबरोबर त्याची आईही आली. गालिना. रविवारी ऐंशी पुरी करणार आणि मंगळवारच्या विमानाने परत जाणार. तिच्या वडिलांनी महायुद्धात असलाच रणगाडा चालवला होता, आणि त्यातला एक तिच्या गावच्या चौकात चबुतऱ्यावर ठेवलेला आहे. लहानपणी ती त्याच्यावर चढून खेळायची. ती येणार हे कळताच गोकुळदासने ठरवलं, वाढदिवसाला म्हातारीच्या हातात रणगाडा ठेवायचा आणि तिने बघताक्षणी म्हणायचं, 'हा आमचाच!' बाकी सगळं जमलं होतं. रंग तेवढा जमत नव्हता.

गुरुवारी सकाळी दोघं स्कूटरवरून आली. मागे बसलेल्या कमलाक्षीच्या मांडीवर बिस्किटांचा डबा, डब्यात जुन्या पंच्यात गुंडाळलेला रणगाडा.

"प्रमोद भावोजी," ती पायरीवरूनच म्हणाली, "आठ दिसांत रंग काढूक ह्या रणगाड्याक चार फावटी न्हाऊ घातलो. माका बाळंतपणात इतकी न्हाणी मिळाली नाय."

"तू गप ऱ्हव गो," गोकुळदास म्हणाला आणि त्याने टेबलावर तीन चिमुकल्या बाटल्या ओळीत मांडल्या. ऑनलाइन मागवलेल्या. तिन्हींवर नाव एकच, रशियन हिरवा. आत मात्र एकीत शेवाळ, दुसरीत पालक आणि तिसरीत शाळेच्या फळ्याचा रंग. "आता सांग, खंयचो खरो?"

"तिन्ही कंपन्यांना विचारलं तर तिघी आपापलाच म्हणतील."

"म्हणून तर पुरावो आणलंय." त्याने खिशातून काडेपेटी काढली. आत कापसावर नखाएवढी हिरवी खपली. चौकातल्या रणगाड्याची. वादिमने येताना खास सोलून आणली होती.

माझ्या तोंडून सवयीने निघालं, "उन्हातली की सावलीतली?"

"रशियेतली!"

मी भिंग काढलं. वरून बघितलं तर छान गडद हिरवा. पण खपली कडेवर उभी धरली आणि मला हसू आवरेना. एकावर एक नऊ थर, आणि नऊही वेगळे हिरवे. एक तर चक्क निळ्याकडे झुकलेला. म्हणजे तिकडेही उत्सव जवळ आला की पालिकेचा माणूस गोदामात असेल तो डबा घेऊन चबुतऱ्यावर चढत असणार. आमच्या देवळाच्या फाटकाची खपली काढा, अशीच दिसेल.

भिंग गोकुळदासकडे दिलं. तो बराच वेळ मोजत होता.

"नऊ," तो शेवटी म्हणाला, आणि त्याचा चेहरा असा झाला, जणू बोटीत नऊ गोणी जास्त सापडल्या. मग सावरला. "वरचो थर आजचो. आज तो रणगाडो असोच उभो आसा. जाऊन बघूक येता. म्हणजे हो खरो."

"पण ती बाय चढली ती सत्तर वर्सांमागे," कमलाक्षी म्हणाली. "तेव्हाचो रंग खाली गेलो असतलो. वरचो तिणें कशाक ओळखूचो?"

"खालच्यांतलो खंयचो? नऊ आसत!"

"मगे तिकाच इचारा. आमच्याच व्हरांड्यात बसून पेज खाता ती."

"आणि गुपित? गुपिताचा काय करू?"

यावर कमलाक्षीने माझ्याकडे बघितलं आणि मी डबे काढायला वळलो. नवराबायकोच्या मधे उभं राहून मी आजवर कोणाचा रंग ठरवलेला नाही. त्यापायी अर्ध्या तालुक्याची घरं दोन रंगांची झाली, ती गोष्ट वेगळी.

चकाकी नसलेला तेलरंग घेतला. वाटीत हिरवा, त्यात पिवळा, काळा, आणि शेवटी लोखंडाला लावतात त्या तांबड्याचा एक थेंब. बोंबलणाऱ्या हिरव्याला गप्प करायला तांबडाच लागतो. आमच्या दुकानात रंग नखावर लावून बाहेर उन्हात नेऊन बघतात. भिंत घेऊन या असं गिऱ्हाइकाला सांगता येत नाही, नख प्रत्येकाजवळ असतं. गोकुळदासने करंगळीपासून सुरुवात केली. तासाभरात चार वाट्यांतले चार हिरवे चार बोटांवर झाले. दर वेळी तो हात लांब धरून रस्त्यावर उभा राहायचा, आणि येणारेजाणारे समजायचे की याला बस थांबवायचीय. एक खरंच थांबली.

तिसऱ्या बोटावरचा खपलीच्या वरच्या थराशी तंतोतंत जुळला.

"गोकुळबाब," मी म्हटलं, "जुळला खरा, पण वस्तू वीतभर आहे. इतक्या लहान वस्तूवर हा रंग काळा पडेल. एक पायरी फिका घ्या."

"खपली सांगता ता करूचा. फिको करूक तू कोण, मी कोण?"

तेवढ्यात कमलाक्षीने चमचा उचलला होता. चौथ्या वाटीत पांढऱ्याचे थेंब आणि थोडा पिवळा तिनेच टाकला, ढवळलं, आणि नवऱ्याचा अंगठा धरून त्याच्यावर फासला. अळूचं पान उलटं केल्यावर दिसतो तसा मळकट, फिका हिरवा. मी हळूच खपली शेजारी धरली. खालून दुसरा थर. तिने भिंग डोळ्याला लावलंही नव्हतं.

"असो असतलो," ती म्हणाली.

"कशावरून?"

"माका वाटता म्हणून."

"वाटण्यावर बंदरातून बोट सुटणा नाय," गोकुळदास म्हणाला, आणि तिसऱ्या बोटाचा रंग बाटलीत भरून घेऊन गेला.

मी वहीत दोन्ही मिश्रणं उतरवली. एक गोकुळदासच्या नावावर, एक कमलाक्षीच्या. सवय म्हणून.

रविवारी मलाही जेवायचं बोलावणं होतं. व्हरांड्यात टेबलावर केक, शेजारी मिश्र भाज्यांचं खतखतें, आणि मधोमध रुमालाखाली रणगाडा. गालिना बुटकी, गोल, गुलाबी गालांची बाई. कमलाक्षीने दिलेला अबोलीचा गजरा तिने कानावर अडकवला होता. गोकुळदासने रुमाल उचलला. व्हरांड्याच्या सावलीत रणगाडा पावसात भिजलेल्या म्हशीसारखा दिसत होता.

म्हातारीने टाळ्या वाजवल्या, गोकुळदासचे दोन्ही गाल चुंबले, रणगाडा उचलून चाकं मोजली. दोन्हीकडे पाच पाच. मान डोलावली. आपली मोजदाद पटली म्हणून गोकुळदास खुलला.

"इचार तिका," तो वादिमला म्हणाला, "तुमच्या चौकातलोच ना?"

वादिमने विचारलं. म्हातारी हसून काहीतरी गोड बोलली. वादिमने खाली बघत, सात हिवाळ्यांत चोपड्याला शिकलेल्या भाषेत सांगितलं, "आई म्हणता, खूप सुंदर. खूप. पण हो दुसऱ्या गावचो."

केकचा तुकडा तिच्यापुढे करायला गोकुळदासने हात पुढे केला, आणि म्हातारीने केक बाजूला सारून तो हातच धरला. तीन दिवस साबण लावूनही नखांच्या कडांना पाचही हिरवे चिकटलेले होते. तिने करंगळी बघितली, पुढचं बोट, त्याच्या पुढचं. आणि अंगठ्याशी येताच ओरडली. मांडीवर थाप मारली, आपल्या झग्याचा घोळ धरून झटकला, हसता हसता डोळे पुसले. एवढं सगळं बोलायला तिला दम पुरेना.

"हो!" वादिम म्हणाला. "हो रंग! चढली, फ्रॉकाक लागलो, जायना. आजयेन मारली. दर उन्हाळ्यात मारली!"

म्हातारीने गोकुळदासचा अंगठा सोडलाच नाही. तसाच धरून तिने उरलेल्या हाताने केक खाल्ला.

कमलाक्षीने रंगाचं नावही काढलं नाही. खतखतें वाढलं, पाणी दिलं, मला "आणखी घेवा" म्हणाली. तिचं गप्प राहणं गोकुळदासला किती जड जात होतं, ते मला त्याच्या जेवणावरून कळलं. दुसऱ्यांदा भात मागितला नाही.

सोमवारी मी शटर उघडलं तेव्हा तो पायरीवर उभा होता, हातात बिस्किटांचा डबा. स्कूटर रस्त्याच्या कडेला, मागच्या सीटवर कमलाक्षी नदीच्या दिशेने बघत बसलेली.

"आज लावलो तर उद्या विमानाक सुकतलो?"

"दुपारच्या आत लावा. सुकेल."

"मगे तो रंग दी."

"कुठला?"

त्याने अंगठा दाखवला.

"असं नाही चालत, गोकुळबाब. वहीत नावानं शोधावं लागतं." मी वही उघडली आणि चष्मा पुसायला घेतला.

त्याने रस्त्याकडे बघितलं. मग काउंटरवर वाकून, देवळात कान धरून चूक कबूल करावी तशा आवाजात म्हणाला, "कमलाक्षी गोकुळदास."

"आयकूक येणा नाय भावोजींक!" स्कूटरवरून आवाज आला. ती अजून नदीकडेच बघत होती.

गोकुळदासने ते नाव मोठ्याने घेतलं. समोरचा पोदेर पाव मोजता मोजता थांबला.

मी रंग मिसळला. पांढरा घालताना माझा हात जरा सैल पडला, तेव्हा त्यानेच मनगट धरलं.

"दोन थेंब," तो म्हणाला. "तिणें दोनच घातलेले. मी मोजलंय."