डेलोरिसची बंदूक

हॅमर क्रीक गावातल्या बायकांच्या नावावर जेवढ्या बंदुका आहेत तेवढ्या शेरीफच्या कपाटातही नसतील, आणि त्यातल्या निम्म्या बायकांनी आपली बंदूक अजून डोळ्यांनी पाहिलेली नाही. पद्धतच आहे तशी. नवऱ्याला नवी रायफल घ्यावीशी वाटली आणि घरात आधीच पाच-सहा असल्या, की तो नॅडीनच्या बंदुकांच्या दुकानात जातो, टोपी काढतो आणि बायकोचा वाढदिवस आहे म्हणून सांगतो. नॅडीन गंभीर चेहऱ्याने अभिनंदन करते आणि बाईंना काय काय आवडतं ते विचारते. बाईंची आवड नेमकी नवऱ्याच्या मापाची निघते, याचं आजवर कुणाला आश्चर्य वाटलेलं नाही.

आर्विड टोलेफसनने मात्र उभ्या जन्मात ही युक्ती वापरली नव्हती. त्याची एकच लाडकी रायफल होती. जाड नळीची, वर हातभर दुर्बीण, आणि वजनाला अशी की उचलली म्हणजे कोकरू कडेवर घेतल्यासारखं वाटावं. दर एप्रिलला बर्फ हटलं आणि गवत अजून बोटभरच असलं, की तो आणि त्याचा मित्र व्हर्जिल सकाळी सकाळी व्हर्जिलच्या गवताच्या रानात जाऊन पडायचे. तिथे गोफर माजलेले असायचे. हे गोफर म्हणजे खारीचे थोराड भाऊबंद. रानभर बिळं करतात, मातीचे ढीग लावतात, त्या ढिगांवर कापणीयंत्राची पाती मोडतात आणि बिळात गाईचा पाय गेला तर गाय हातची जाते. तेव्हा गोफर मारणं हे काम होतं. त्या कामात सकाळभर कॉफी पीत एकमेकांच्या नेमाची टर उडवता येत होती, ही वरकड कमाई.

गेल्या एप्रिलला मात्र आर्विडने आधी ट्रॅक्टरचं काम काढलं, मग सर्दी काढली आणि शेवटी एक मेहुणा काढला. खरी गोष्ट अशी की गंजीवरून पडून त्याचा उजवा खांदा कामातून गेला होता आणि त्या रायफलीचा धक्का त्याला सोसवत नव्हता. तेवढं एक वेळ सांगताही आलं असतं. पण शरदात दुसरंच काहीतरी सुरू झालं. स्वस्थ बसला की उजवा हात आपणहून थरथरायचा, उकळत्या भांड्यावरच्या झाकणासारखा. आर्विडने तो खिशात घातला आणि तेव्हापासून खिशातच ठेवला. डॉक्टरला सांगितलं नाही, बायकोला सांगितलं नाही. त्याला वाटे की ही गोष्ट जोवर कुणाला बोलून दाखवली नाही तोवर ती झालेलीच नाही. आता पुन्हा एप्रिल आला होता. याही वर्षी रानात गेलो नाही तर व्हर्जिल खोदून खोदून विचारणार, आणि मग बोलावंच लागणार. म्हणून त्याला हलकी, धक्का न देणारी आणि डाव्या हाताने चालवायची रायफल हवी होती, आणि ती कशासाठी हे कुणाला कळायला नको होतं. अखेर त्यानेही टोपी काढली.

नॅडीनच्या दुकानात शेगडीजवळ व्हर्जिल बसलेला होताच. तो तिथे रोज बसतो. घेत काही नाही, पण दुसऱ्याने काय घ्यावं याबद्दल त्याचं मत तयार असतं.

"डेलोरिसचा वाढदिवस आहे," आर्विड म्हणाला.

"नोव्हेंबरात असतो," नॅडीन म्हणाली. ती चर्चच्या गायनवृंदात डेलोरिसच्या ऑर्गनला खेटून उभी राहत होती. "यंदा बराच आधी लागलास तयारीला. बरं, काय मारणारेत बाईसाहेब?"

गोफर, असं आर्विडने सांगितलं आणि व्हर्जिल खुर्ची ओढत पुढे आला. त्याच्या मते गोफराला साधी बावीस नंबरची चिमुकली गोळी पुरे, पोरंसुद्धा त्यावरच शिकतात. नॅडीनने त्याला आठवण करून दिली की इथलं वारं टोप्या दुसऱ्या गावी नेऊन टाकतं, आणि ती गोळी शंभर पावलांपलीकडे गेली की जमीन शोधायला लागते. मग तिने त्याहून बारीक, सतरा नंबरची दाखवली. ती सुईसारखी सरळ जाते, पण वाऱ्यात ती आणखीच भरकटते. मग दोघांचं वेगवान गोळ्यांवरून जुंपलं. आर्विडच्या जुन्या रायफलीतली गोळी लांब जाते खरी, पण नळी तापते, काडतूस महाग आणि खांद्याला दणका. सरतेशेवटी नॅडीनने मागच्या फडताळातून एक सडपातळ रायफल काढली. टू-टू-थ्री काडतुसाची, धक्का नावापुरता, काडतुसं किराण्याच्या दुकानातही मिळणारी. नळी बारीक असल्याने लवकर तापेल, पण चार गोळ्या झाल्या की तिला निवू द्यायचं आणि तेवढ्यात कॉफी प्यायची, असं ती म्हणाली.

आर्विडने रायफल डाव्या हाताने तोलली. जुनीच्या निम्म्यानेही नव्हती. खूप महिन्यांनी त्याला बरं वाटलं. मग त्याने घसा खाकरून विचारलं की हीच, काडतूस भरायची खिट्टी डाव्या बाजूला असलेली मिळेल का.

"डेलोरिस डावरी कधीपासून झाली?" नॅडीनने विचारलं.

"उजवा खांदा दुखतो तिचा."

"मग दस्ता कापून आखूड करते. केवढीशी आहे ती."

"नको, नको. हात लांब आहेत तिचे."

नॅडीनने त्याच्याकडे पाहिलं. डेलोरिसचे हात केवढे आहेत हे ती दर रविवारी पाहत होती. पण बाईंच्या आवडीनिवडीवर शंका घ्यायची नाही हा धंद्याचा नियम होता. तिने एवढंच सांगितलं की खांदाच दुखत असेल तर धक्का शोषणारी रबरी गादी लावू, त्यासाठी डावरी खिट्टी कशाला, ती मागवावी लागेल. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस अडला की हाताशी असेल ते खरं उचलून देतो.

"हात थरथरतो तिचा," तो म्हणाला. "उजवा. आपोआप. चापावर बोट ठरत नाही."

व्हर्जिलने टोपी काढून मांडीवर ठेवली. नॅडीन हलकेच म्हणाली की आजच मागवते, आठवड्यात येईल. बाहेर पडेपर्यंत आर्विड स्वतःवर खूश होता. गाडीत बसल्यावर त्याला आठवलं की आपली बायको गावाची ऑर्गनवादक आहे आणि ईस्टर तोंडावर आलाय.

दुसऱ्या दिवशी दुपारी पहिलं हॉटडिश आलं. हॅमर क्रीकमध्ये कुणाच्या घरी दुखणं शिरलं की काही विचारत नाहीत. खिमा, मशरूमचं सूप आणि वर बटाट्याच्या खमंग गोळ्या असं भरलेलं भांडं दारात ठेवतात, दार उघडणाऱ्याचा हात दाबतात आणि डोळे पुसत निघून जातात. डेलोरिसने पहिलं भांडं घेतलं ते कुणाचं तरी चुकून आलं असं समजून. दुसरं आल्यावर ती आरशात पाहून आली. संध्याकाळपर्यंत स्वयंपाकघराच्या ओट्यावर भांड्यांची रांग लागली होती, आणि आर्विड गोठ्यात होता. गाईंनाही नवल वाटलं असेल, इतका वेळ तो गोठ्यात होता.

शनिवारी सकाळी बर्निस आली. बर्निसला ऑर्गन येतो, आणि ही गोष्ट ती गेली कित्येक वर्षं गावाला आडून आडून सांगत आली आहे. तिने आणलेलं हॉटडिश सगळ्यांत मोठं होतं. डेलोरिसला बळेच खुर्चीत बसवून ती म्हणाली, "अगं, इतकं सोसलंस आणि बोलली नाहीस. आधी खांदा, मग तो हात. चापावर बोटसुद्धा ठरत नाही म्हणे. ईस्टरची काळजी करू नकोस हं. मी सराव सुरू केलाय."

"कुठल्या चापावर?" डेलोरिसने विचारलं.

मग बर्निसने सगळं सांगितलं, अगदी डावऱ्या खिट्टीपर्यंत. डेलोरिस ऐकत राहिली. नवरा महिनोन् महिने डाव्या हाताने कॉफी पितोय, एक हात खिशात घालून जेवतोय, हे तिला दिसत नव्हतं असं नाही. तो सांगेल म्हणून ती थांबली होती. आता तो सांगून आला होता, पण बंदुकीच्या दुकानात आणि तिच्या नावावर. तिला भयंकर राग आला आणि त्याच दमात त्याची काळजीही वाटली. बर्निसचे तिने आभार मानले आणि तिला दारापर्यंत पोचवलं.

आर्विड जेवायला आत आला तेव्हा ताटात हॉटडिश होतं.

"बस," डेलोरिस म्हणाली. "गावभर मी आजारी आहे. मला कुणी काही विचारलं तर उत्तरं यायला हवीत ना? तेव्हा तू मला सांग. माझा हात कधीपासून थरथरतोय?"

आर्विडने काटा खाली ठेवला.

"शरदापासून," तो म्हणाला.

"रोज?"

"रोज. स्वस्थ बसलं की. काम करताना कमी असतं."

"मी डॉक्टरकडे का गेले नाही?"

"तो काय सांगेल कुणास ठाऊक, म्हणून."

"बरं. आणि मला भीती वाटते का रे, आर्विड?"

आर्विडने उजवा हात खिशातून काढला आणि टेबलावर ठेवला. मिठाची बाटली हलायला लागली.

"वाटते," तो म्हणाला. "फार वाटते तुला."

डेलोरिसने आपला हात त्याच्या हातावर ठेवला आणि बाटली थांबली. मग तिने सांगितलं की सोमवारी डॉक्टरकडे जायचं. गावात कुणाला सांगायचं नसेल तर मी सांगणार नाही, आजारी मीच राहीन. आर्विडने मान हलवली आणि ताट चाटूनपुसून संपवलं. गोठ्यात दडून बसल्यामुळे आदल्या दिवसापासून त्याच्या पोटात धड काही नव्हतं.

रविवारी चर्च भरलेलं होतं. एरवी पाठीमागच्या बाकांवर बसणारे लोक पुढे येऊन बसले होते, कारण तिथून ऑर्गनच्या पट्ट्या दिसतात. बर्निस पहिल्या बाकावर होती, मांडीवर स्वरलिपीचं पुस्तक, कधीही उठता येईल अशा बेताने. आर्विड आपल्या जागी बसला. डेलोरिसने पहिलं स्तोत्र सुरू केलं.

डेलोरिस चुकत नसे. तापात वाजवलं होतं, वीज गेलेली असताना पायपेटीवर वाजवलं होतं, आईला पुरून आली त्या आठवड्यातही वाजवलं होतं, आणि एकदाही चुकली नव्हती. त्या एका गोष्टीचा तिला गर्व होता आणि तो तिने कधी लपवला नव्हता. दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर तिच्या उजव्या हाताने एक स्वर चुकवला. थोड्या वेळाने आणखी एक. गाणारे अडखळले. बर्निसने पुस्तक उघडलं. नॅडीनने रुमाल काढला. डेलोरिसने मान वर केली नाही, पण तिचे कान लाल झालेले आर्विडला बाकावरून दिसत होते.

आर्विड उभा राहिला. स्तोत्र चालू असताना एकटं उभं राहण्याची त्या चर्चमध्ये रीत नाही, त्यामुळे आधी आवाज थांबले आणि मग ऑर्गन थांबला.

"हिचा हात ठणठणीत आहे," तो म्हणाला. "थरथरतो तो माझा. खांदाही माझाच. बंदूकसुद्धा मला हवी होती, हिला नकोय. ही मुद्दाम चुकतेय, माझी लाज राखायला. तर आता पुरे."

एवढं सलग तो लग्नातही बोलला नव्हता. त्याने हात वर करून दाखवला. हात थरथरत होता. सगळ्यांनी पाहिला, आणि पाहून झाल्यावर काय करायचं ते कुणालाच कळेना. पास्टरांनी चष्मा काढला आणि परत घातला. मग व्हर्जिल बाकावरून अर्धवट उठला.

"म्हणजे तो मेहुणा वगैरे सगळं खोटं?"

"मेहुणा खरा आहे," आर्विड म्हणाला. "आला मात्र नव्हता."

"मला सांगायला काय झालं होतं तुला, गाढवा? मी नळी धरली असती. बंदूक आली की सकाळी सहाला रानात ये. डाव्या हाताने तुझा नेम लागणार नाही तो नाहीच, पण उजव्याने तरी कुठे लागत होता."

कुणीतरी हसलं, आणि मग हसू बाकांवरून पसरत मागपर्यंत गेलं. पास्टरांनी विचारलं की मग आजच्या प्रार्थनेत कुणाचं नाव घ्यायचं.

"माझं घ्या," आर्विड म्हणाला, आणि खाली बसला. हात त्याने मांडीवर उघडाच ठेवला.

डेलोरिसने ऑर्गनवरून वळून त्याच्याकडे पाहिलं. मग नाक पुसलं, बाही सारखी केली आणि पहिल्या बाकाकडे बघत म्हणाली, "बर्निस, पुस्तक मीट. आपण पहिल्यापासून घेतोय."