तीनदा दिलेलं उत्तर

नीलकंठने स्क्रिप्टची शेवटची ओळ टंकली आणि हिशेब मांडला: रोजचा एक तास वाचला, वर लताही नाराज नाही. जबलपूरच्या कमानिया गेटजवळच्या सायबर कॅफेत तो आयआरसीवरच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या गप्पांच्या खोलीतल्या, प्रश्नमंजूषेत पहिला असे. पण लताचा खाजगी संदेश मध्येच उघडायचा आणि कोणी तरी पुढे निघून जायचं. आता या स्क्रिप्टमुळे तिच्याशी परस्पर संगणकच बोलणार होता. साधं वाक्य आलं तर 'अच्छा' किंवा 'मग?'. प्रश्नचिन्ह दिसलं तर 'तुला बरं वाटेल तसं कर.'

लताशी त्याचं लग्न ठरलं होतं. तो जबलपूरच्या सरकारी फॅक्टरीत कामाला; ती नागपुरात शिक्षिका, नोकरी पक्की. ती सोडून जबलपूरला यायचं, असं नीलकंठच्या आईने, चंपाबाईंनी, बैठकीतच सांगून टाकलं होतं. त्यांचे गुडघे गेले होते. लताने मान खाली घातली. तोच होकार धरला गेला.

दहा दिवस नीलकंठचा पहिला नंबर हलला नाही. अकराव्या दिवशी घरी लताचा फोन आला.

"जयभीम. राजीनामा नाही दिला मी. तुम्ही म्हटलं तसंच केलं."

"मी काहून म्हणीन असं?"

"वा जी! तीनदा विचारलं, तीनदा तेच उत्तर. नोकरी ठेवू का? बाबांना सांगू का? तुमच्या बदलीचं बोलू का?"

फोनची तार नीलकंठने बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"लता, ऐक ना, ते मी..."

"घरात कोणी मला असं कधी म्हटलंच नव्हतं," ती म्हणाली. "कॅफेत बसून रडून राहिली होती मी. लोक पाहून राहिले होते. हं, तुम्ही काय म्हणत होते?"

तार बोटाला रुतली.

"काही नाही. फॅक्टरीत नागपूरला बदलीचा अर्ज टाकून राहिलो, म्हटलं."

त्या संध्याकाळी त्याने स्क्रिप्ट पुसली. लताने 'जेवले का?' विचारलं, तर दोन अक्षरांच्या उत्तराला त्याला दहा मिनिटं लागली.

लग्न झालं, आणि जूनमध्ये नागपूरला बदलीही झाली. लताची नोकरी राहिली. समजूतदार जावई म्हणून नीलकंठचं नागपुरात नाव झालं, तेही फुकटात. नवऱ्याने बांधलेलं घर सोडायला चंपाबाई तयार नव्हत्या. मुलाला गाडीत बसवून स्टेशनवरून त्या रिक्षाने एकट्या परतल्या, भिंतीला धरून पायऱ्या चढल्या, आणि एका माणसापुरती कणीक भिजवायला बसल्या. त्यांना मात्र कोणी एकदाही विचारलं नव्हतं.